कुरणाचा साक्षीदार

आत्माराम गुरुजींना कुणी 'नमस्कार, कसे आहात?' असं विचारलं, की ते आधी त्या माणसाच्या हाताकडे बघायचे. हातात वर्गणीचं पुस्तक, लग्नाची पत्रिका किंवा कसला अर्ज नाही याची खात्री पटली, की मग 'बरा आहे' म्हणायचे. तेसुद्धा असं जपून, की पुढच्या माणसाला वाटावं, आपण उगाच चौकशी केली.

सुरतेत लिंबायतला आमची मराठी शाळा होती. होती म्हणजे अजून आहे. अकरा वर्षांपूर्वी मी तिथे रुजू झाले तेव्हा गुरुजी चौथीला शिकवत होते. शिडशिडीत अंगाचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. एक निळं आणि एक लाल, आणि लाल पेन निळ्यापेक्षा लवकर संपायचं. प्रत्येक वाक्यावर 'कशावरून?' असं विचारायची त्यांना सवय होती, त्यामुळे मुलं त्यांना पाठीमागे 'कशावरून सर' म्हणत. आमचे शिपाई मगनभाई गुजराती. ते म्हणत, "शंकासाहेब छे! भगवान सामे आवे तोय आधार कार्ड मागे." गुरुजींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. "मागायलाच पाहिजे," एवढंच म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझ्या माहेरचं गाव विचारलं. मी संगमनेरकडची. नवीन ठिकाणी जरा बरं बोलावं म्हणून मी हौसेनं सांगितलं, की वनवासात सीतामाई आमच्या गावी पाणी प्यायली आणि त्यावरूनच गावाला नाव पडलं.

"कशावरून?"

"आजी सांगायची."

"बाई, तहानलेली सीता मला आजपर्यंत चाळीसेक गावांत तरी भेटली आहे. एवढं पाणी पिऊन ती माउली चालली कशी?"

बाकीचे शिक्षक खो खो हसले. मला असा राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे पत्त्याएवढा एक पुठ्ठा ठेवला. त्यावर माझ्या गावाचं नाव, खाली माझं नाव, 'आजीकडून ऐकलं', आणि अगदी खाली 'विचारल्यावर सांगितलं'. मागची बाजू उलटून पाहिली तर तिथे काजळ घातलेला एकच डोळा आणि अर्धी नथ. पुठ्ठा साडीच्या खोक्याचा होता. सुरतेत साड्यांची खोकी काय, मागाल तेवढी मिळतात. गुरुजी ती आणून कापायचे आणि त्यावर शब्द लिहून ठेवायचे. तीस वर्षांत लिहिलेले हे पुठ्ठे पुन्हा साडीच्याच खोक्यांत भरून घरी कपाटावर रचलेले होते. त्यांची बायको म्हणायची, "लोकांच्या घरात खोक्यांत साड्या असतात, आमच्याकडे संशय आहे."

त्या पुठ्ठ्यांवरची शेवटची ओळ त्यांच्या लेखी सगळ्यात महत्त्वाची होती. माणसानं गोष्ट विचारल्यावर सांगितली, की न विचारता? विचारल्यावर सांगितलेल्याची किंमत कमी. "आपण विचारलं, की माणसाला वाटतं, याला काहीतरी द्यायला पाहिजे," ते म्हणायचे. "पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत ना, तसं. मग घरात नसलं तर बनवून देतात." जो पटकन उत्तर देतो त्याच्यावर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. आणखी एक नियम होता. लिहिलेलं ज्याचं त्याला परत वाचून दाखवायचं. त्याशिवाय पुठ्ठा खोक्यात जायचा नाही.

हे शब्द ते मिळवायचे शाळेच्या दारातच. आमच्याकडे येणारी मुलं बहुतेक खानदेशातली. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आई-बाप लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, कामाला आलेले. जूनमध्ये प्रवेशाला रांग लागली, की गुरुजी अर्ज भरून घेता घेता हळूच विचारायचे, "तुमच्या गावाला गवताचं रान आहे का? त्याला काय म्हणतात?" आता पोराच्या दाखल्याला आलेल्या माणसाला सरकारी शाळेतला मास्तर गावाकडच्या रानाचं विचारतोय म्हटल्यावर तो काय समजेल? एकानं विचारलं, "जमिनीची चौकशी चालू आहे का?" दुसरा तर "गाव नाहीच आम्हाला" म्हणाला आणि अर्ज, फोटो, पोरगं, सगळं घेऊन निघून गेला. मगनभाईंना त्याच्यामागे रिक्षा स्टँडपर्यंत पळावं लागलं. गुरुजी सगळ्या जगावर संशय घेत हे खरं, पण जगही त्यांची परतफेड करत होतं.

आणि हे सगळं रान पालथं घालायचं कशासाठी, तर एका शब्दासाठी. कुरण.

या शब्दाबद्दल ते बोलायला लागले, की त्यांचा आवाज बदलायचा. एकदा वर्तमानपत्रात मथळा होता, अमुक खातं म्हणजे भ्रष्टाचाराचं कुरण. गुरुजींनी लाल पेनानं त्या शब्दाला गोल केला आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकवलं. "कुणीही यावं आणि चरावं, असं यांना म्हणायचंय. ते गायरान! गायरानात अख्ख्या गावाची ढोरं जातात. कुरण म्हणजे राखलेलं गवत. पावसाळाभर तिथे ढोराला पाय टाकू द्यायचा नाही, राखण बसवायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापायचं. कुरणाचा अर्थ गवत नाही, बाई. कुरणाचा अर्थ मनाई." मग गुजरातीतलं गौचर, सौराष्ट्राकडची राखीव वीड, पडीक, माळ, एकेक शब्द ते बाजूबाजूला ठेवून दाखवायचे. मला गवतातलं काही कळत नाही, पण तेव्हापासून वर्तमानपत्रात कुणाला कुरण सापडलं, की मला गुरुजींचं लाल पेन दिसतं.

अर्थ त्यांनी असा पक्का केला होता. गाडं अडलं होतं ते शब्दाच्या मुळाशी. हा शब्द आला कुठून? कुणी म्हणे संस्कृतातून, कुणी म्हणे कानडीकडून, तिथे मेंढराला 'कुरी' म्हणतात त्यावरून. दोन्हीकडे गुरुजींचा प्रश्न तोच. पण त्यांच्या मनात स्वतःचा एक तर्क होता, आणि तो त्यांनी मला सांगितला तो अगदी चोरून, कपाटातला पैसा दाखवावा तसा. कुरणाचा राखणदार ढोरं हाकलताना 'कुर्र, कुर्र' असा आवाज काढत असणार. जिथे ती कुर्र ऐकू येते, ते कुरण.

मी म्हटलं, "छान आहे की!"

"छान आहे, म्हणूनच भीती वाटते."

त्यांनी हा तर्क फार पूर्वी एका मासिकाला लिहून पाठवला होता. लेख परत आला. समासात कुणीतरी एकच शब्द लिहिला होता : 'साक्ष?' आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांना टपालानं घरपोच आला. तो कागदही त्यांनी जपून ठेवला होता. त्यांना हवा होता फक्त एक माणूस, ज्यानं हे न विचारता सांगावं. एक साक्षीदार.

दोन वर्षांपूर्वी गुरुजी निवृत्त झाले. इथल्या खानदेशी मंडळानं ठरवलं, की त्यांच्या शब्दांचं पुस्तक काढायचं. कतारगामच्या एका प्रेसमध्ये कामही सुरू झालं. पहिलंच प्रकरण कुरणाचं, आणि तेच अर्धं. गुरुजी त्या दिवसांत झोपत नसावेत. निवृत्तीनंतरही रोज शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि नातवंडांना न्यायला आलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायचे. विचारायचे मात्र नाहीत. विचारलं, की साक्ष बाटली.

आणि साक्षीदार सापडला तो मला.

कौतिकआजी नातवाच्या पोराला न्यायला यायच्या. साक्रीकडच्या. घरी साड्यांची धागा कटिंग करायच्या, त्यामुळे पदराला नेहमी रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. त्या दिवशी पायरीवर बसल्या होत्या. शाळेच्या भिंतीलगत पावसानं गवत वाढलं होतं आणि एक गाय त्यात तोंड घालत होती. आजींनी बसल्या जागेवरून तिला हाकललं, "कुर्र! कुर्र!"

मी थांबले. काही विचारलं नाही, देवाशपथ. आजीच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमना गावले कुरन व्हतं, बाई. तठे राखन्या बसे. ढोर उनं का असं कुर्र कुर्र करे. म्हनीसन त्याले कुरन म्हनतस. मनी सासूबी असंच सांगे."

मी धावत जाऊन फाटकाशी उभ्या असलेल्या गुरुजींना आणलं. आजींनी पुन्हा तेच सांगितलं. गुरुजींनी पुठ्ठा आणि निळं पेन माझ्याच हातात दिलं, आणि मी लिहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'न विचारता'. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. मग मगनभाईंना बोलावून सगळ्यांना चहा सांगितला. एवढ्या वर्षांत त्यांनी पाजलेला तो पहिला चहा. मगनभाईंनीही कप आधी हुंगून बघितला.

एक कबुली इथे देऊन टाकते. त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आजी बाकी काही सांगताना अडखळत, मागेपुढे करत, मध्येच सुनेवर घसरत. पण एवढी गोष्ट त्यांनी घडाघडा सांगितली, बोट वर करून, वर्गात सांगतात तशी. गुरुजींच्या शिकवणीनं मला एवढं तरी कळत होतं. पण गुरुजी इतके आनंदात होते, की मी गप्प बसले. चौकशी करायची वेळ आली तेव्हा मीच दयाळू झाले.

गुरुजींनी प्रेसला कळवलं, की पहिलं प्रकरण पूर्ण झालं. फक्त वाचून दाखवायचं बाकी होतं. रविवारी आम्ही दोघं आजींच्या खोलीवर गेलो. आजी साड्यांच्या ढिगात बसल्या होत्या. आपलं नाव पुस्तकात येणार म्हणून त्यांनी शेजारणीलाही बोलावून ठेवलं होतं. गुरुजींनी पुठ्ठा डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. आजी प्रत्येक शब्दाला मान डोलावत होत्या. संपलं तशा म्हणाल्या, "आनि वहान? ते नही का लिखं?"

"कसली वहाण?"

"त्या राखन्याना एकच पायमा वहान व्हती ना! दुसरी नदीमा वाही गयी. तरी तो एकच वहान घालीसन अख्खं कुरन राखे. कोनी हसे नही त्याले."

गुरुजींनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्या घरातलं कोण माझ्या वर्गात होतं?"

"मनी नात. मनीषा. ती तुमना वर्गमाच तं व्हती!" आजी खुशीत म्हणाल्या.

गल्लीत आल्यावर गुरुजी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली. पाणी आणू का म्हणून विचारलं तर नको म्हणाले, आणि मग सांगायला लागले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, खाडीचं पाणी वस्तीत शिरलेलं. चौथीच्या वर्गात एक मुलगी एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी पाण्यात गेली होती. पोरं हसायला लागली. दमदाटी केली असती तर पोरं मधल्या सुट्टीत हसली असती. म्हणून गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि आपला लाडका तर्क बाहेर काढला. त्याला एक राखणदार जोडला, राखणदाराची एक वहाण नदीत सोडून दिली, आणि गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं तेव्हा मुलीकडे न बघता तिचंच गाव सांगितलं.

"म्हणजे सासूबाई वगैरे..." मी म्हटलं.

"सासूबाई नंतर आल्या. एवढी जुनी गोष्ट आहे म्हटल्यावर सासूनं सांगितलेली असणारच. आजी खोटं बोलत नाहीत, बाई. त्यांना तसंच आठवतंय." मग ते म्हणाले, "तीस वर्षं मी जो शब्द दिसेल त्याचा धनी विचारला. एवढंच एक माझं होतं."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना गळ घातली, की हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे. आजींनी न विचारता सांगितलं, हे तर खरंच ना? वहाणेची गोष्ट गाळून टाका. तर्क खराही असेल, कुणी सांगावं?

"असेल," ते म्हणाले. "पण मग साक्ष कुणाची लिहू? माझीच?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेसमध्ये जाऊन ते पान काढून घेतलं. पुस्तक पुढे निघालं. पहिल्या प्रकरणात कुरणाचा अर्थ चार पानं भरून आहे, मनाईसकट. आजींचं नावही आहे, कारण त्यानंतर गुरुजी पुन्हा तीनदा त्यांच्याकडे गेले आणि शब्द कुठून आला हे सोडून बाकी सगळं ऐकत बसले. पवन्या गवत कधी पिवळं पडतं, मारवेल कोणत्या ढोराला, कुसळी अंगाला कशी टोचते, कापणीच्या दिवशी गावात कुणाचा मान. ते सगळं आजी अडखळत सांगायच्या. आणि 'मूळ' या शब्दापुढे गुरुजींनी छापलं आहे, 'ठाऊक नाही'. मंडळाच्या लोकांना ते आवडलं नाही. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात 'ठाऊक नाही' म्हणजे अपशकुन, असं एकानं बोलूनही दाखवलं.

त्यानंतर गुरुजींनी नाशिकला मुलाकडे जायचं ठरवलं. जायच्या दोन दिवस आधी मला म्हणाले, "बाई, वर्गात चुकीचं सांगितलं तर वर्गात जाऊन दुरुस्त करायला पाहिजे. तो वर्ग आता कुठे सापडायचा? पण एक पत्ता ठाऊक आहे." मनीषा कडोदऱ्याला एका एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये कामाला होती. आम्ही दोघं बसनं गेलो.

मशिनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून ती आम्हाला बाहेर फाटकाशी घेऊन आली. सव्वीस-सत्तावीसची, चुणचुणीत मुलगी. गुरुजींच्या पाया पडली. "सर, चाय मागवू? इथली मस्त असते." गुरुजींनी चहा नको म्हटलं, पिशवीतून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मनीषा, चौथीत मी एक गोष्ट सांगितली होती, एका वहाणेच्या राखणदाराची. ती खरी नव्हती. मी बनवली होती. तुझ्या गावाला असा कुणी नव्हता. चुकलं माझं."

मनीषा हसली. "मला तर तेव्हाच खबर पडली होती, सर."

"कशावरून?" गुरुजींच्या तोंडून निघालं.

"तुम्ही आख्ख्या क्लासकडे बघून सांगत होते. फक्त माझ्याकडे नाही बघत होते."

"मग घरी... आजीला?"

"घरी खरी म्हणून सांगितली. चप्पल गेली म्हणून मार पडणार होता ना. आणि शाळेत आमच्या गावाचं नाव घेतलं म्हणून आजी इतकी खूश झाली. मग कसं सांगणार, की सरांनी बनवलंय?"

आतून तिला कुणीतरी हाक मारली. पुस्तक छातीशी धरून ती पुन्हा वाकली आणि आत गेली.

आम्ही रस्त्यापर्यंत चालत आलो. ट्रकची धूळ उडत होती. गुरुजी रुमालानं तोंड पुसत होते, डोळेही पुसत होते, आणि धुळीमुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. बसचा दिवा दूरवर दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी गोष्ट संपली, त्यानंतर एकही पोरगं हसलं नाही. मधल्या सुट्टीत नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिची नवीन चप्पल यायला दोन महिने लागले, तोवर एकदाही नाही."

"हो, मग?"

"मला वाटत होतं, त्यांना गोष्ट पटली. आता वाटतं, त्यांनाही कळलं होतं, आणि तरी ती हसली नाहीत."

बस आली. मी आधी चढले. मागे वळून बघितलं तर गुरुजी अजून खालीच उभे होते, आणि कंडक्टर त्यांना हात धरून वर घेत होता.